धाकटीचं काम

न्हाव्याने मानेभोवती पांढरं कापड आवळलं होतं आणि कानामागे गार मशीन फिरत होतं, तेव्हा खिशातला फोन थरथरू लागला. हात बाहेर काढायचा तर मांडीवर साचलेले केस उडणार, म्हणून त्याने तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा न्हावीच म्हणाला, "घ्या हो काका, घरचा असेल." फोन सुनेचा होता. "बाबा, भिंगरीचा रिपोर्ट आला," ती म्हणाली आणि मग एकेक अक्षर चाचपडत तिने एक नाव वाचलं. चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक आकडा. "हे तुमचंच ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या एन्झाइमवर फारसं कुणी काम केलेलं नाही. दोनच जुने शोधनिबंध सापडले आणि दोन्हींवर तुमचं नाव आहे." ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्याला इतकी वर्षं झाली होती की सुनेच्या आवाजात ते आधी त्याला ओळखूच आलं नाही. मग ओळखू आलं आणि "हो, माझंच," असं तो कशाबशा आवाजात म्हणाला. समोरच्या आरशात कापडातून वर आलेलं एक अर्धवट भादरलेलं म्हातारं डोकं होतं, आणि ते हसत होतं. "चांगली बातमी दिसते," न्हावी म्हणाला.

घरी जायला सरळ रस्ता होता, तरी तो बागेला वळसा घालून गेला, मग पुन्हा एकदा. मानेत केस टोचत होते. आपण हसलो ते नक्की केव्हा, हे तो ठरवू पाहत होता. नाव ऐकल्यावर, की निबंधांचं ऐकल्यावर? भिंगरीचं नाव आधी आलं होतं की नंतर? आधी आलं होतं. पहिलंच वाक्य तिचं होतं. म्हणजे नातीच्या दुखण्याचं कारण सापडलं असं ऐकून माणूस हसला, सुटकेने हसला, असंही म्हणता आलं असतं. कुणी विचारलं तर तसं सांगता येईल. पण विचारणार कोण? आणि आरशातला चेहरा सुटकेचा नव्हता. तो चेहरा त्याने पूर्वी दुसऱ्यांवर पाहिला होता, व्यासपीठावर, ज्यांचं नाव पुकारलं जायचं त्यांच्यावर. पोर तीन वर्षांची होऊन गेली तरी बसल्या जागेवरून हात टेकल्याशिवाय उठत नाही, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर दमते, मान सांभाळताना तिच्या ओठांभोवती घामाचे थेंब येतात. पोटात फार फिरायची म्हणून तिचं भिंगरी ठेवलेलं, आणि आता त्या नावाने हाक मारताना घरातलं प्रत्येक माणूस क्षणभर थांबतं. हे सगळं माहीत असून हसू आलं. त्याने रुमालाने मान पुसली. केस रुमालाला लागले आणि मानेतही राहिले.

बायको त्या एन्झाइमला सवत म्हणायची. लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं तो रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत जाई, आणि परतल्यावर ती विचारी, "काय म्हणते माझी सवत? गढूळ झाली का?" तिला तेवढं ठाऊक होतं. नळीत इन्सुलिनचं नितळ पाणी घ्यायचं, एन्झाइमचा थेंब टाकायचा आणि बसून राहायचं. इन्सुलिनमधले गंधकाचे जोड सुटू लागले की पाणी हळूहळू गढूळ होई, दुधाच्या भांड्यात पाणी घातल्यासारखं. गढूळ झालं म्हणजे एन्झाइम जिवंत. या एन्झाइमांचं एक कुटुंबच होतं. त्यातली थोरली जगप्रसिद्ध. तिच्यावर ग्रंथ होते, परिषदा होत्या, तिच्यावर काम करणाऱ्यांच्या खोल्यांना खिडक्या होत्या. त्याच्या वाट्याला आली ती धाकटी. चारचौघांत कुणी नाव घेऊ नये अशी, थोडक्याच पेशींत सापडणारी, थोरलीपुढे अगदी मंद. तिला तो स्वतःशी धाकटीच म्हणे. तिच्या साखळीतला एकेक मणी, म्हणजे एकेक अमिनो आम्ल, बदलून पाहायचा आणि पाणी गढूळ होतं का ते बघायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. बहुतेक वेळा व्हायचं. एकदा मात्र एक आर्जिनिन बदलल्यावर सबंध दुपार नळी नितळ राहिली. खिडकी नसलेल्या त्या खोलीत पिवळ्या दिव्याखाली ती नितळ नळी धरून तो उभा होता आणि त्याला ओरडावंसं वाटत होतं. ओरडला नाही. सहकारी जेवायला गेले होते. परिषदेत त्याने ते मांडलं तेव्हा चहाची वेळ झालेली, सभागृह अर्धं रिकामं, आणि पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ, थोरलीवाले, उठता उठता प्रेमाने म्हणाले, "सगळं नेटकं केलंयत हो. पण हिच्यावाचून कुणाचं अडतं का?" लोक हसले. तोही हसला. मग तो प्रश्न कोटाच्या अस्तरात गेलेल्या नाण्यासारखा कायम बरोबर राहिला, चालताना लागायचा, काढता यायचा नाही. आता बागेच्या कठड्याशी त्याला उत्तर सुचलं. भिंगरीचं अडतं. तो बाकावर बसला.

संध्याकाळी मुलगा आणि सून आले. भिंगरी आजीच्या मांडीवर तिच्या बांगड्या मोजत होती. सुनेला पुन्हा दिवस गेले होते. अजून दिसत नव्हतं, पण बसताना तिचा हात पोटाशी जाई. म्हणून घाई होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की जनुकातला हा बदल आई आणि बाप दोघांकडून एकेक आला आहे, आणि पुढच्या मुलालाही दोन्ही येण्याची शक्यता चारात एक. हाच बदल आजाराचं कारण आहे असं ठरलं, तर गर्भाशयातल्या वारेचा कणभर तुकडा सुईने काढून पोटातल्या बाळाची तपासणी करता येईल. ठरलं नाही तर तपासून उपयोग नाही. शोधायचं काय हेच कळणार नाही.

"पण ते करतं काय, बाबा? साध्या भाषेत सांगा," सून म्हणाली.

त्याने भिंगरीच्या झग्याकडे पाहिलं. "प्रथिन म्हणजे लांब माळ. तिची नीट घडी बसली तरच ती कामाची. घडी टिकावी म्हणून मध्ये मध्ये बटणं असतात, असं समज. घाईत बटण भलत्याच काजात गेलं तर झगा वाकडा होतो. हे एन्झाइम चुकलेलं बटण काढतं आणि योग्य काजात घालतं. तेवढंच."

"आणि ते नसलं तर?"

"स्नायूंमध्ये काही प्रथिनं अशी असतात, की ज्यांना बहुतेक..."

"बाबा," मुलगा म्हणाला, "आज बहुतेक नको."

"त्यांना काय सांगतोस?" बायको म्हणाली. "मला मागणी घातली तेव्हाही म्हणाले होते, हरकत नसावी. मी म्हटलं, कुणाची?"

सून हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी; मुलाने चमकून तिच्याकडे पाहिलं. रिपोर्टाचा कागद टीपॉयवर होता. त्याने चष्मा लावून बदललेल्या मण्याचा क्रमांक पाहिला. तोच. आम्ल तेच, आर्जिनिन. ज्या मण्यापाशी नळी नितळ राहिली होती तोच आकडा. तो त्याला स्वतःच्या जन्मसालासारखा पाठ होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. तरुण, भरभर बोलणारा, आदबशीर आवाज. "सर, मी तुमचा निबंध वाचला. फार सुंदर काम आहे. हाच क्रमांक, हेच आम्ल आणि एन्झाइम पूर्ण बंद. तुम्ही खात्री दिलीत तर मी हेच कारण असं लिहू शकते." फार सुंदर काम. तो उठून खिडकीपाशी गेला, म्हणजे त्याचा चेहरा कुणाला दिसणार नाही. जन्मभर त्याने असावं, संभवतं, नाकारता येत नाही अशीच वाक्यं लिहिली होती. संपादक ती खोडायचे आणि तो पुन्हा घालायचा. "हो," तो म्हणाला. "हेच." मागे सुनेने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. ती रडत होती, आणि मुलगा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "कळलं ना आता? निदान कळलं."

नंतरचे दिवस त्याला घरात बसवेना. वाचायला पुस्तक उघडी आणि पहिल्याच पानावर आपण का हसलो याकडे मन जाई. पाव आणायला जाई आणि पाव न घेता परत येई. "काय शोधताय?" बायको विचारी. "काही नाही." "मग बसून शोधा ना. फरशी झिजेल." एखाद्याला आपल्या कामाचं चीज व्हावंसं वाटणं वाईट का? नाही. पण त्यासाठी कुणीतरी आजारी पडायला हवं होतं, आणि ते कुणीतरी जगाच्या दुसऱ्या टोकाचं असतं तर तो एव्हाना मिठाईसुद्धा घेऊन आला असता. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या पोराच्या ओठांभोवतीचा घाम चालला असता. मग आपली ही टोचणी कसली? नातीवरच्या मायेची, की पकडले गेल्याची? असं तो उलटसुलट करत राही. आपल्या हसण्याची त्याने इतकी छाननी केली की आकड्याची करायची राहून गेली. हे त्याला तेव्हा कळलं नाही. उलट सुनेचा आवाज फोनवर मोकळा झाला होता, ती पूर्वीसारखी मधेच विषय सोडून भाजीच्या भावावर येत होती, मुलगा त्याला प्रथमच संध्याकाळी काही न विचारता फोन करून "सहज केला" म्हणत होता. हे सगळं आपण दिलं, एका शब्दाने दिलं, असं वाटून तो आणखीच अस्वस्थ होई. त्याला कुणाला काही देण्याची सवय नव्हती.

तपासणीच्या दिवशी सगळे एका गाडीतून गेले. फक्त बायको घरी थांबली होती. तिला रुग्णालयाचा वास सोसत नाही. मुलगा गाडी लावायला गेला. सून भिंगरीला घेऊन लिफ्टमध्ये शिरली. आत चाकाची खुर्ची आली आणि जागा संपली. "तिसरा मजला, बाबा," दरवाजा मिटता मिटता ती म्हणाली. तो जिन्याने निघाला. जिने त्याला बरे वाटत. चालताना विचार जरा मागे पडत. तिसऱ्या मजल्यावर आला तर सगळीकडे डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं बसलेली, आणि भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. तो गोंधळून पुन्हा जिन्याशी आला. फरशी पुसणारी बाई काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत होती. "कुठं जायचं?" "तिसऱ्या मजल्यावर." "मग चढा अजून. हा दुसरा." "मी मोजत आलो." "खालचा धरला असेल तुम्ही. खालचा आम्ही धरत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली.

धरत नाही. तो पाच-सहा पायऱ्या चढला आणि मधल्या वळणावर त्याचा हात कठड्यावर थांबला. त्यांच्या प्रयोगशाळेतही एक गोष्ट धरत नसत. धाकटी पेशीत तयार होते तेव्हा तिच्या साखळीच्या सुरुवातीला वीसेक मण्यांची एक शेपटी असते. पार्सलवरच्या पत्त्यासारखी, कुठल्या कप्प्यात जायचं ते सांगणारी. ठिकाणी पोचलं की ती कापली जाते. मणी बदलून बनवण्याचं तंत्र येण्यापूर्वी ते एन्झाइम जनावरांच्या काळजातून, किलो किलो काळीज दळून, गाळून काढत, आणि हाती येई ती शेपटी गेलेली साखळी. म्हणून मोजायला सुरुवात शेपटीनंतर, आणि तीच मोजणी पुढेही राहिली. सगळेच तसं करत. कुणी नवीन मुलगा आला की त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई, शेपटी धरायची नाही. आणि आता जनुक वाचणारे पहिल्या मण्यापासून मोजतात, शेपटीसकट. डॉक्टरीणबाईंच्या कागदावरचा आकडा शेपटीसकट होता. तोच आकडा, आणि जागा दुसरी.

त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. साखळी त्याला पाढ्यांसारखी पाठ होती. रिपोर्टातल्या आकड्यातून शेपटीचे मणी वजा केले आणि त्या जागेच्या अलीकडून तो ओठांतल्या ओठांत म्हणत गेला. एक तरुण जोडपं त्याच्या बाजूने जाताना गप्प झालं. प्रार्थना करणारा म्हातारा वाटला असावा. त्या जागी कोण येतं? लायसिन, ग्लायसिन, आणि मग आर्जिनिन. तिथेही आर्जिनिनच. म्हणून डॉक्टरीणबाईंना वाटलं, म्हणून मलाही वाटलं. पण हा आर्जिनिन बाहेरच्या एका सैल वळणावरचा, ज्याला त्यांनी कधी हातही लावला नव्हता, कारण उंदरात तिथे एक असतं आणि माशात दुसरंच, म्हणजे तिथे काहीही चालतं असं धरलेलं. तो बदलल्यावर नळी नितळ राहील की गढूळ होईल? माहीत नाही. हा मणी दोषी असेल. नसेलही. कदाचित भिंगरीच्या दुखण्याचा धाकटीशी काही संबंधच नाही आणि तिचं अजून कुणाचंही अडलेलं नाही.

वर जायला पायऱ्या होत्या आणि खाली जायलाही होत्या. तो तिथेच राहिला. गप्प बसलं तर काय होईल, हे त्याला विलक्षण स्पष्ट दिसू लागलं. सुई आत जाईल. काही दिवसांनी उत्तर येईल. बाळात बदल नाही असं आलं तर घरात सगळ्यांना निश्चिंत वाटेल, आणि ती निश्चिंती खोटी आहे हे एकट्याला ठाऊक असेल. पोर जन्मून मान धरेपर्यंत तो रोज तिच्या मानेकडे बघत राहील. आणि दोन्हीकडून बदल आलाय असं निघालं, तर दोघं ते बाळ ठेवणार नाहीत. सुनेने तसं सांगितलं नव्हतं, पण एकदा ती म्हणाली होती, दुसऱ्यांदा मला नाही जमणार, बाबा. एका सैल वळणावरच्या मण्यासाठी. हे सगळं दिसत असतानाच मनाच्या एका कोपऱ्यात आणखी एक बारीक हिशेब चाललेला त्याला ऐकू आला: कुणी तपासणार नाही. दोनच निबंध. ती डॉक्टरीणबाई लिहील, कुठेतरी छापेल, पहिल्या ओळीत त्याचं नाव येईल. त्याला स्वतःचा एवढा कंटाळा आला की पाय आपोआप उचलले गेले. गुडघ्यात कळ आली. बरं वाटलं.

वर पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. सून शेवटच्या खुर्चीवर, भिंगरी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. "बाबा, किती वेळ? घाम आलाय तुम्हाला. बसा आधी."

तो बसला. मग म्हणाला, "मी चुकलो."

"मजला ना? ह्यांचंही तसंच झालं होतं मागच्या वेळी."

"नाही. अगं, आकडा." आणि त्याने सांगायला सुरुवात केली, शेपटीपासून, काळजापासून, मध्येच उंदरावर गेला, परत आला. आपण वर्गात शिकवल्यासारखं बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि आवाज आणखीच खाली गेला. तिने त्याला थांबवलं नाही. बोलणं संपल्यावर ती समोरच्या भिंतीवरच्या हात धुवा म्हणून सांगणाऱ्या चित्राकडे बघत राहिली.

"म्हणजे हेच ते असं नाही."

"नाही."

"म्हणजे नसेलच असंही नाही."

"नाही. कुणालाच माहीत नाही. ते बनवून, नळीत घालून पाहावं लागेल. सध्या कुणी करत नाही."

"आणि भिंगरीला काय झालंय?"

"माहीत नाही."

ती भिंगरीच्या पाठीवर हलकेच थोपटत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात त्या दिवशी मला झोप लागली, बाबा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटायचं, माझ्या हातून काही झालं असेल. ही पोटात असताना मी पडले होते एकदा. मग कळलं की तसं काही नाही, एक बटण आहे."

"तुझ्या हातून काही झालेलं नाही."

"हे तरी खात्रीने सांगताय?"

"हे खात्रीने सांगतो. पडल्याने असं होत नाही."

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "रिपोर्टाचं सांगितलं तेव्हा फोनवर तुमचा आवाज कसातरीच झाला होता. मी ह्यांना म्हटलं, बाबांना रडू आवरत नाहीये."

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. "रडू नव्हतं ते," तो म्हणाला.

तिने ते ऐकलं. तिला कळलं की नाही, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. कळलं असावं, कारण तिने भिंगरीला थोडं स्वतःकडे ओढून घेतलं. मग तशीच, पोर अवघडू नये म्हणून एक खांदा उचललेली, ती म्हणाली, "ह्यांना मी सांगेन. तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर ते तुमच्यावर ओरडतील आणि तुम्ही ऐकून घ्याल, आणि मला ते दोन्ही बघवायचं नाही आज."

दार उघडून परिचारिकेने सुनेला नावाने पुकारलं. ती उठली नाही. परिचारिकेने पुन्हा पुकारलं आणि रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मला नाही जमणार, बाबा," सून म्हणाली. "तुम्ही जा आत. ती सुई आज नको म्हणावं."

तो उठला. चारचौघांसमोरून उठून दाराकडे चालत जाणं त्याला आयुष्यभर अवघड वाटत आलं होतं, आताही वाटलं. आतली खोली उजेडाची होती आणि तिला मोठी खिडकी होती. टेबलामागे डॉक्टरीणबाई होत्या, आवाजावरून वाटल्या होत्या त्याहून लहान, आणि भिंतीशी चार-पाच शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्याला पाहताच बाई उठल्या. "सर, तुम्ही स्वतः आलात," त्या म्हणाल्या. मग मुलांकडे वळून, "मी सांगत होते ना, ते हे. सगळं काम यांचंच. एवढ्या वर्षांपूर्वी, आणि तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नव्हतं." मुलांच्या नजरा त्याच्यावर आल्या, उत्सुक, आदराच्या. एकीने वही उघडली. बाईंनी टेबलाला वळसा घालून स्वतःची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. "बसा ना, सर. आधी तुम्हीच दोन शब्द सांगा यांना."

खुर्ची चांगली होती, पाठीला टेकू देणारी. तो खुर्चीच्या बाजूला उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शेपटीपासून, सांगू लागला.